वेस्ट पॉइंट, ॲनापोलिसला मूल शिकतंय? शिक्षणाचं टॅक्स क्रेडिट कुठे मिळतं, कुठे नाही

अमेरिकेत सरकारी खर्चाने चालणाऱ्या सर्व्हिस अकादम्या पाच आहेत: वेस्ट पॉइंटची लष्करी, ॲनापोलिसची नौदलाची, कोलोरॅडो स्प्रिंग्सची हवाई दलाची, न्यू लंडनची कोस्ट गार्डची आणि किंग्ज पॉइंटची मर्चंट मरीन अकादमी. मुलामुलीला यांतल्या एकीत प्रवेश मिळाला की घरात दोन टोकांचे समज ऐकू येतात. एक, "फीच नाही तर क्रेडिट कसलं?" दुसरा, "कॉलेजात मूल आहे, म्हणजे २,५०० डॉलर आपलेच." दोन्ही चूक. क्रेडिट, म्हणजे शिक्षणखर्चापोटी करात थेट मिळणारी सूट, मिळतं, पण थोड्याच खर्चावर. आणि चार वर्षांचं शिक्षण पाच कॅलेंडर वर्षांत पसरतं, त्यांतलं पहिलं आणि शेवटचं वर्षच खरं महत्त्वाचं असतं. मधल्या वर्षांत हाती फारसं काही लागत नाही.

खाली सगळीकडे कॅडेट म्हटलं आहे, त्यात नौदल आणि मर्चंट मरीन अकादमीतले मिडशिपमनही आले.

आधी पाया पक्का करा

अकादमीतली नेमणूक ही करकायद्याच्या नजरेत शिष्यवृत्ती नाही. पहिल्या चार अकादम्यांतल्या कॅडेटला दरमहा पगार मिळतो. कायद्याने तो नव्या सेकंड लेफ्टनंटच्या, म्हणजे ओ-१ श्रेणीच्या, मूळ वेतनाच्या ३५ टक्के असतो. २०२५ मध्ये ही रक्कम महिन्याला सुमारे १,४०० डॉलर होती. हा पगार डब्ल्यू-२ या पगाराच्या वार्षिक फॉर्मवर येतो आणि त्यावर प्राप्तिकर लागतो. पण तो सगळा हातात पडत नाही. गणवेश, पुस्तकं, लॅपटॉप, धुलाई, केस कापणं अशा गोष्टींचे पैसे आधीच कापले जातात. पहिल्या वर्षी तर सुरुवातीच्या सामानाचा बोजा खात्यावर उधारीसारखा चढतो आणि महिन्यामहिन्याने फिटत जातो.

हीच कपात क्रेडिटचं मूळ आहे. शिकवणीची फी शून्य, म्हणून तिच्यावर क्रेडिट नाही. पण पुस्तकांचे आणि लॅपटॉपचे पैसे कॅडेटच्या करपात्र पगारातून गेले असतील, तर तो त्याने स्वतः केलेला खर्च आहे. सरकारने एखादी वस्तू फुकट दिली आणि खात्यावर तिची कपातच नसेल, तर तिथे खर्च नाही आणि क्रेडिटही नाही.

किंग्ज पॉइंटचं गणित वेगळं आहे. तिथे ३५ टक्क्यांचा मासिक पगार नसतो. जहाजावरच्या सी-इयरमध्ये शिपिंग कंपन्यांकडून पैसे मिळतात, आणि काही शुल्कं घरून भरावी लागतात. म्हणून "अकादमीतला मुलगा डिपेंडंट (करासाठी पालकांवर अवलंबून) धरता येत नाही" हे सरसकट उत्तर किंग्ज पॉइंटच्या पालकांनी डोळे झाकून स्वीकारू नये.

कोणतं क्रेडिट

आपल्या कामाचं आहे ते अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट. पात्र खर्चाच्या पहिल्या २,००० डॉलरवर शंभर टक्के, पुढच्या २,००० वर २५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त २,५००. यातला ४० टक्के भाग, कमाल १,००० डॉलर, कर शून्य असला तरी परत मिळू शकतो. विद्यार्थी पदवीसाठी शिकत असावा, निदान एका सत्रात अर्धवेळ तरी प्रवेश घेतलेला असावा, उच्च शिक्षणाची पहिली चार वर्षं त्या वर्षाच्या सुरुवातीला संपलेली नसावीत आणि अमली पदार्थांच्या गंभीर गुन्ह्याची शिक्षा झालेली नसावी. एका विद्यार्थ्यामागे हे क्रेडिट चारच करवर्षं मिळतं.

उत्पन्नाची मर्यादा: संयुक्त रिटर्नला सुधारित समायोजित उत्पन्न (एमएजीआय, काही ठराविक वजावटींनंतरचं उत्पन्न) १,६०,००० डॉलरपर्यंत पूर्ण क्रेडिट. तिथून ते घटत जातं आणि १,८०,००० ला संपतं. एकट्याने भरणाऱ्याला हेच आकडे ८०,००० आणि ९०,०००. नवरा-बायकोने वेगवेगळे रिटर्न भरले तर काहीच नाही. आयटी किंवा डॉक्टरकीतली दोन कमावती माणसं असलेल्या पुष्कळ मराठी घरांचा विषय इथेच संपतो. तो आधी तपासा, म्हणजे पावत्या शोधण्यात रविवार जायचा नाही.

एक तपशील आपल्याकडच्या घरांसाठी. कॅडेट अमेरिकी नागरिकच असावा लागतो, पण आईवडील एच-१बी वर असू शकतात. करासाठी ते रेसिडेंट असतील तर व्हिसामुळे क्रेडिट अडत नाही. मात्र करवर्ष २०२६ पासून करदात्याचा आणि विद्यार्थ्याचा सोशल सिक्युरिटी नंबर रिटर्नवर असणं बंधनकारक आहे.

दुसरं, लाइफटाइम लर्निंग क्रेडिट, अकादमीच्या काळात जवळपास निरुपयोगी. १०,००० डॉलरपर्यंतच्या खर्चाच्या २० टक्के मिळतात, पण परताव्याचा भाग नाही. पुस्तकं आणि उपकरणंही तेव्हाच धरली जातात जेव्हा त्यांचे पैसे प्रवेशाची अट म्हणून संस्थेलाच द्यावे लागतात. चार वर्षं वापरून झाल्यावर, पुढे पदव्युत्तर शिक्षणाला ते कामी येतं.

काय धरायचं, काय सोडायचं

अभ्यासक्रमाला लागणारी पुस्तकं, वह्या, कॅल्क्युलेटर, प्रयोगशाळेचं साहित्य धरायचं. अकादमीने आवश्यक ठरवलेला लॅपटॉपही धरायचा. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिटला हे सामान कुठून घेतलं याने फरक पडत नाही. अकादमीच्या दुकानातून किंवा बाहेरून, दोन्ही चालतं.

गणवेश, बूट, धुलाई, न्हावी, राहणं, जेवण, विमा, औषधपाणी, सुट्टीत घरी यायचं विमानाचं तिकीट, वर्गाची अंगठी: यातलं काहीही चालत नाही, ते सक्तीचं असलं तरी.

प्रवेशाच्या वेळी मागितलेली अनामत हा सगळ्यात जास्त गोंधळ घालणारा भाग. पालकांनी एकरकमी चेक दिलेला असतो, म्हणून तो अख्खा "शिक्षणखर्च" म्हणून टाकायचा मोह होतो. ते चूक आहे. ही रक्कम कॅडेटच्या खात्यावर जमा होते आणि तिच्यातून गणवेशापासून लॅपटॉपपर्यंत सगळंच वळतं होतं. त्यातून पुस्तकांना आणि संगणकाला जितकं गेलं, तितकंच धरा.

यासाठी एकच कागद उपयोगी: कॅडेटच्या खात्याचं ओळीओळीने काढलेलं विवरण. जुलै ते डिसेंबरचं विवरण मागवा आणि नावे पडलेल्या प्रत्येक नोंदीपुढे "पुस्तक", "संगणक" किंवा "इतर" अशी खूण करा. "प्रारंभिक साहित्य" अशी एकच मोठी नोंद असेल तर तिची फोड अकादमीच्या वित्त कार्यालयाकडून लेखी घ्या. फोड मिळाली नाही तर ती रक्कम सोडून द्या. अंदाजाने अर्धी धरणं हे पुढे चौकशीत टिकत नाही.

तारखेचा नियमही समजून घ्या. खर्च ज्या वर्षी झाला त्या वर्षी धरतात, उधारी फिटली त्या वर्षी नाही. ऑगस्टमध्ये लॅपटॉपचे १,६५० डॉलर खात्यावर नावे पडले आणि ते पुढच्या जूनपर्यंत हप्त्याहप्त्याने कापले गेले, तरी क्रेडिट ऑगस्टच्या वर्षाचं, आणि पूर्ण रकमेचं. तसंच जानेवारी ते मार्च या काळात सुरू होणाऱ्या सत्राची पुस्तकं डिसेंबरात घेतली, तर ती डिसेंबरच्या वर्षात जातात.

पहिलं वर्ष: दावा पालकांचा

क्रेडिट कोण घेणार हे एका प्रश्नावर ठरतं: त्या वर्षी कॅडेटला पालकांनी डिपेंडंट म्हणून दाखवलं आहे का? दाखवलं असेल तर क्रेडिट पालकांचं, आणि मुलाने स्वतःच्या पगारातून केलेला खर्चही पालकांनी केल्यासारखाच धरला जातो.

कॅडेट जूनअखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला रुजू होतो. त्या वर्षी वय २४ च्या आत, हायस्कूलसकट पाच महिने पूर्णवेळ विद्यार्थी आणि निम्म्याहून अधिक वर्ष घरी, या अटी सहज भरतात. शिक्षणासाठी किंवा लष्करी सेवेसाठीची तात्पुरती अनुपस्थिती घरी राहण्यातच मोजतात. अडतं ते पोषणाच्या अटीवर: मुलाने स्वतःचा निम्म्याहून अधिक खर्च स्वतः उचललेला नसावा.

हा हिशेब १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असा मांडायचा. एका बाजूला घरच्या सहा महिन्यांचं भाडेमूल्य, जेवण, गाडी, डॉक्टर, शाळेचे खर्च. दुसऱ्या बाजूला अकादमीतलं राहणं-खाणं आणि पगारातून झालेला खर्च. पगार मिळाला पण बँकेत पडून राहिला, तर तो पोषणात मोजत नाहीत. अकादमीकडून मिळणारं सगळं कॅडेटच्या सेवेचा मोबदला म्हणून त्याच्या स्वतःच्या बाजूला जातं, शिष्यवृत्तीसारखं वगळता येत नाही. म्हणून दावा पहिल्या वर्षी शक्य असतो, आपोआप मिळत नाही. पोषणाचा तक्ता खरोखर भरा आणि फाइलला लावा. आकडे काठावर आले तर लष्करी कुटुंबांचे रिटर्न करणाऱ्या सीपीएला दाखवा. पुढच्या वर्षापासून चार पगारी अकादम्यांतल्या कॅडेटला पालकांना साधारणपणे डिपेंडंट धरता येत नाही.

पहिल्या वर्षी बसलं तर रक्कम बरी असते. समजा लॅपटॉप १,६५०, पुस्तकं ५२०, कॅल्क्युलेटर आणि इतर ८०, एकूण २,२५० डॉलर. पहिल्या २,००० चे २,००० आणि वरच्या २५० चे ६२.५०, म्हणजे क्रेडिट २,०६२.५०. त्यातले ८२५ परताव्याचे, उरलेले १,२३७.५० करातून वजा. जोडीला सतरा किंवा त्याहून अधिक वयाच्या डिपेंडंटचं ५०० डॉलरचं वेगळं क्रेडिटही असतं.

अकादमीत जाण्याआधी मुलाने त्याच वर्षी जानेवारी ते मे दुसऱ्या कॉलेजात पदवीचं सत्र केलं असेल, तर तिथली फी हा सर्वांत भक्कम खर्च: खरी फी, खरा १०९८-टी (कॉलेज देतं तो फीचा फॉर्म). तो आधी टाका आणि अकादमीची पुस्तकं वर जोडा. क्रेडिट मागण्याच्या फॉर्म ८८६३ वर दोन्ही संस्थांना स्वतंत्र जागा आहे. हायस्कूलमध्ये असताना केलेले कॉलेजचे वर्ग मात्र पदवीसाठी प्रवेश घेतल्याशिवाय या क्रेडिटला चालत नाहीत.

इथे हमखास होणारी गडबड अशी. फेब्रुवारीत डब्ल्यू-२ आला की कॅडेट खोलीत बसून दहा मिनिटांत स्वतःचं रिटर्न पाठवतो आणि "मला कुणीही डिपेंडंट धरू शकत नाही" यावर टिक करतो. एप्रिलमध्ये त्याला डिपेंडंट दाखवणारं पालकांचं रिटर्न आयआरएसकडून (अमेरिकेच्या करखात्याकडून) नाकारलं जाऊन परत येतं. म्हणून आधी घरात ठरवा, मग कोणीतरी बटण दाबा. झालंच असेल तर कॅडेटने १०४०-एक्स भरून दुरुस्ती करायची. पालकांना आयआरएसचा आयपी पिन (ओळख पटवणारा क्रमांक) घेऊन आपलं रिटर्न पुन्हा ऑनलाइन पाठवता येतं.

मधली वर्षं: हिशेब करा, मग ठरवा

दुसऱ्या कॅलेंडर वर्षापासून दावा कॅडेटचा स्वतःचा. कागदावर छान दिसतं, पण आकडे बघा. २०२५ मध्ये वर्षाचा पगार सुमारे १६,८०० डॉलर. प्रमाणित वजावट १५,७५०. उरले १,०५०, त्यावर कर सुमारे १०५ डॉलर. न परतणारा भाग यापेक्षा जास्त मिळूच शकत नाही.

मग परताव्याचा भाग? २४ वर्षांखालचा पूर्णवेळ विद्यार्थी, आईवडिलांपैकी निदान एक हयात, संयुक्त रिटर्न नाही आणि कमावलेलं उत्पन्न स्वतःच्या पोषणाच्या निम्म्याहून कमी: हे सगळं एकत्र असेल तर परतावा नाही. पोषणात अकादमीतलं राहणं, जेवण, शिक्षण मोजलं की रोख पगार निम्म्याच्या खाली जाणं अगदी सहज शक्य आहे. फॉर्म ८८६३ च्या ओळ ७ वरची चौकट याचसाठी आहे. ती रिकामी सोडून १,००० डॉलर मागणं ही या विषयातली सर्वांत महाग पडू शकणारी चूक आहे.

शंभर डॉलरसाठी चारांपैकी एक वर्ष खर्ची घालायचं का? शिक्षण पाच कॅलेंडर वर्षांत पसरत असल्याने एक वर्ष तसंही सोडायचंच असतं. आमचा कल असा: पहिलं आणि शेवटचं राखून ठेवा, मधली त्यानंतर बघा.

शेवटचं वर्ष विसरू नका

मे महिन्यात पदवी आणि कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळतं. त्या वर्षी साधारण सात महिने ओ-१ चा पूर्ण पगार येतो, त्यामुळे कर शंभरात राहत नाही, हजारांत जातो. वजा करायला कर आहे, म्हणून जानेवारीत घेतलेल्या शेवटच्या सत्राच्या पुस्तकांवरचं क्रेडिट पूर्ण वापरता येतं. ५०० डॉलरची पुस्तकं म्हणजे करात सरळ ५०० ची कपात. वर्षाच्या सुरुवातीला चार वर्षं पूर्ण झालेली नव्हती, म्हणून तीही अट भरते. जी पुस्तकं कधी घ्यायची हे कॅडेटच्या हातात आहे, ती डिसेंबरऐवजी जानेवारीत घ्यावीत. नव्या लेफ्टनंटच्या डोक्यात तेव्हा बदलीचं सामान असतं, त्यामुळे हे क्रेडिट बहुतेकदा राहून जातं.

फॉर्म भरताना

लागणारी कागदपत्रं: खात्याचं खूण केलेलं विवरण, बाहेरून घेतलेल्या वस्तूंच्या पावत्या, पुस्तकांची आवश्यक यादी आणि अकादमीचा ईआयएन (करासाठीचा संस्थेचा ओळखक्रमांक).

१०९८-टी येणार नाही, कारण जिथे फीच माफ आहे तिथे तो देण्याचं बंधन संस्थेवर नसतं. सॉफ्टवेअर इथे अडतं: "फॉर्म मिळाला का?" याला "नाही" म्हटलं की बरीच सॉफ्टवेअर क्रेडिट शून्य करून पुढे जातात. पुढच्या पानावर "संस्थेला फॉर्म देणं बंधनकारक नव्हतं" असा अपवादाचा पर्याय असतो, तो निवडा. प्रवेशाचा आणि खर्चाचा पुरावा हाताशी असेल तर कायदा हा अपवाद मान्य करतो. मिळालेला नसताना "हो" म्हणून पुढे जाऊ नका.

फॉर्म ८८६३ मागून पुढे भरायचा. आधी भाग ३: ओळ २० आणि २१ वर विद्यार्थ्याचं नाव आणि नंबर, ओळ २२ वर अकादमीचं नाव, पत्ता, १०९८-टी बद्दलचे दोन प्रश्न आणि ईआयएन. या क्रेडिटला ईआयएन नसेल तर दावा अडतो. तो वित्त कार्यालयाकडून लेखी घ्या. डब्ल्यू-२ वरचा नंबर वेतन देणाऱ्या खात्याचा असतो, शाळेचा नव्हे, तो इथे उतरवू नका. ओळ २३ ते २६ म्हणजे पात्रतेचे चार प्रश्न. ओळ २७ वर खर्च, ४,००० च्या वर नाही. ओळ ३० वर क्रेडिट निघतं, ते पहिल्या पानावर ओळ १ ला जातं. तिथून परताव्याचा भाग फॉर्म १०४० च्या ओळ २९ वर, उरलेला शेड्यूल ३ च्या ओळ ३ वर.

चुकीचा दावा बेपर्वाईने किंवा जाणूनबुजून नियम डावलून केल्याचं ठरलं तर दोन वर्षं आणि फसवणुकीने केल्याचं ठरलं तर दहा वर्षं हे क्रेडिट बंद होतं. एकदा नाकारलं गेलं की पुढच्या दाव्याला फॉर्म ८८६२ जोडावा लागतो.

५२९ खात्यात साठवलेले पैसे

मूल लहान असताना ५२९ हे शिक्षणासाठीचं बचत खातं उघडलेलं असतं आणि आता फीच नाही. अकादमीच्या प्रवेशामुळे पैसे काढले तर नफ्यावरचा १० टक्के दंड माफ होतो, पण त्या शिक्षणाच्या खर्चाच्या मर्यादेपर्यंतच. ही सवलत पाचही अकादम्यांना आहे. नफ्यावरचा साधा कर मात्र भरावा लागतो. १०९९-क्यू (खात्यातून काढलेल्या पैशांचा फॉर्म) वरून नफा उत्पन्नात घ्या आणि फॉर्म ५३२९ च्या दुसऱ्या भागात, ओळ ६ वर, दंडमाफीची रक्कम लिहा. हा फॉर्म राहिला तर दंडाची नोटीस येते. त्या शिक्षणाची किंमत दाखवणारं पत्र अकादमीकडून घेऊन ठेवा.

घाई करून खातं रिकामं करण्यात शहाणपण नाही. धाकट्या भावंडाच्या नावे करता येतं, पुढच्या मास्टर्ससाठी ठेवता येतं. खातं पंधरा वर्षं जुनं असेल तर लाभार्थ्याच्या रॉथ आयआरए या निवृत्तीच्या बचत खात्यामध्ये आयुष्यभरात एकूण ३५,००० डॉलरपर्यंत वळवता येतं, दरवर्षी आयआरएच्या त्या वर्षीच्या मर्यादेत. त्यासाठी कमाई लागते, आणि कॅडेटचा पगार ही कमाईच आहे. फक्त एक ध्यानात ठेवा: ज्या पुस्तकांवर क्रेडिट घेतलं, त्याच पुस्तकांसाठी ५२९ मधून करमुक्त पैसे काढता येत नाहीत.

नावावरून फसू नका

सिटाडेल, व्हीएमआय, नॉर्विच या फी घेणाऱ्या संस्था आहेत. मॅसॅच्युसेट्स, मेन आणि न्यूयॉर्कच्या राज्य मेरिटाइम अकादम्याही तशाच. तिथे १०९८-टी येतो आणि नेहमीच्या कॉलेजसारखं क्रेडिट मिळतं. आरओटीसीच्या (कॉलेजातल्या लष्करी अधिकारी-प्रशिक्षणाच्या) शिष्यवृत्तीने जेवढी फी भरली तेवढी वजा करायची, आणि त्यांचा निर्वाहभत्ता करमुक्त असतो.

मागच्या वर्षांचं क्रेडिट राहून गेलं असेल तर मूळ रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांच्या आत १०४०-एक्स आणि त्याला जोडलेला ८८६३ पाठवून ते मागता येतं. पालकांनी पहिल्या वर्षी घेतलं नसेल आणि कॅडेट आता तिसऱ्या वर्षाला असेल, तर अजून वेळ आहे. खात्याचं जुनं विवरण पदवी मिळण्याआधीच मागवून ठेवा, नंतर ते मिळवणं जिकिरीचं होतं.